शुक्रवारचा ट्रक

घोड्यांपायी पैसे गेले असं सांगितलं की आमच्या न्यू जर्सीतल्या ओळखीच्या लोकांना वाटतं, बाई रेसकोर्सवर जाते की काय. तसं काही नाही. मी धर्म करायला गेले होते.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. माझी बारा वर्षांची लेक दर शनिवारी घोडेस्वारी शिकते. एका बुधवारी रात्री ती फोन घेऊन माझ्या खोलीत आली, रडून डोळे सुजलेले. घोडे सोडवणाऱ्या एका संस्थेची जाहिरात होती, फोटोत एक कुमेत घोडी. मागच्या अंगावर लिलावाचा नंबर चिकटवलेला, गळ्यात झिजलेली म्होरकी, तुटलेला पट्टा निळ्या सुतळीने बांधलेला. पोटाला बिलगून शिंगरू. खाली मोठ्या अक्षरांत: कत्तलखान्याचा ट्रक शुक्रवारी सकाळी सुटतो, ‘बेल’ १,४०० डॉलर. बेल म्हणजे जामीन, घोडी सोडवायची रक्कम. घोडीने काय गुन्हा केला होता कोण जाणे, पण इकडे हाच शब्द रूढ आहे.

यातलं मूळ खरं आहे, आणि म्हणूनच माणूस फसतो. अमेरिकेतले घोड्यांचे शेवटचे तीन कत्तलखाने, दोन टेक्ससमधले आणि एक इलिनॉयमधला, २००७ मध्ये बंद झाले. पण कत्तलीसाठी घोडे बाहेर पाठवायला बंदी नाही. लिलावात दलाल घोडे घेतात आणि ट्रक मेक्सिकोला नाहीतर कॅनडाला जातात. एके काळी वर्षाला लाखाहून जास्त घोडे जायचे, अलीकडे आकडा बराच खाली आलाय, तरी हजारोंत आहे. या दलालांना ‘किल बायर’ म्हणतात आणि ते घोडे जिथं ठेवतात त्या आवाराला ‘किल पेन’. लेकीला हे सगळं माझ्याआधी माहीत होतं.

मी ४०० डॉलर भरायचं ठरवलं. तेवढ्यावर थांबले असते तर ही कथा माझ्यापुरती राहिली असती. पण मी तो फोटो आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. “मुक्या जिवाचा प्रश्न आहे” वगैरे चार ओळी लिहिल्या. रात्री साडेअकरापर्यंत अकरा घरांतून ७५० डॉलर जमले. एका काकांनी तर “ताई, आमच्या नातीच्या नावानं” म्हणून १०० दिले. संस्थेने लिहिलं होतं की पैसे पेपलवरून ‘मित्र आणि कुटुंब’ हा पर्याय निवडून पाठवा, म्हणजे कमिशन कापलं जात नाही, सगळे पैसे घोडीलाच मिळतात. मला ते फारच प्रामाणिक वाटलं. त्या पर्यायाने पाठवलेल्या पैशांना खरेदीदाराचं संरक्षण नसतं हे बँकेतल्या माणसाने मला नंतर सांगितलं, तेही बिचाऱ्याने शक्य तितक्या मवाळ शब्दांत.

शुक्रवारी सकाळी सातला पोस्ट आली: “सुटली!” लेकीने शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं. मी गटावर हात जोडलेल्या इमोजींच्या ओळी टाकल्या. सोमवारी दुसरी पोस्ट आली: आता तीस दिवस विलगीकरण, दिवसाला २५ डॉलर. मग डॉक्टर. मग शिंगराला जुलाब. मी आणखी ३०० पाठवले. या वेळी गटावर काही बोलले नाही. मनात कुठंतरी पाल चुकचुकली असणार.

पुढच्या शनिवारी तबेल्यात लेकीने तिच्या शिक्षिकेला कौतुकाने फोटो दाखवला. साठीतली बाई, आयुष्य घोड्यांत गेलेलं. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हे पिल्लू किती महिन्यांचं?”

“दोन-अडीच, असं लिहिलं होतं.”

“मग याला कुठल्या ट्रकात चढवणार होते?”

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की कत्तलीसाठी नेल्या जाणाऱ्या घोड्यांच्या वाहतुकीचे केंद्रीय नियम आहेत. सहा महिन्यांच्या आतलं शिंगरू नेता येत नाही. दोन्ही डोळ्यांनी आंधळं जनावर चालत नाही. चारही पायांवर भार देता आला पाहिजे, आधाराशिवाय चालता आलं पाहिजे, आणि वाटेत वील अशी गाभण घोडी चढवायची नाही. तुम्हाला येणाऱ्या जाहिराती या यादीशी ताडून पाहा. आंधळी म्हातारी घोडी, तीन पायांवर लंगडणारा घोडा, आज-उद्या विणार अशी घोडी, आईला लुचणारं शिंगरू. ज्यांना ट्रकात चढवायची परवानगीच नाही, नेमके तेच जीव “उद्याच्या ट्रकात” असतात, कारण पैसे त्यांच्याच नावावर सुटतात. शिक्षिका म्हणाली, “नियम मोडणारे असतातच. पण आपण उद्या नियम मोडणार आहोत हे वेळेसकट आधी जाहीर करणारा दलाल मी अजून पाहिला नाही.”

तरी मी लगेच मानलं नाही. घोडी बघायला यायचंय असं संस्थेला लिहिलं. उत्तर आलं की विलगीकरण आहे, कुणालाच येऊ देत नाही. कारण पटण्यासारखं होतं, आणि ते खरंही असतं. लिलावातून आलेल्या घोड्यांत स्ट्रँगल्स नावाचा आजार पसरतो, जबड्याखाली गाठी येतात, एकाचा दहांना होतो. चांगल्या संस्था महिनाभर नवं जनावर वेगळंच ठेवतात. मी तीस दिवस मोजले. एकतिसाव्या दिवशी कळलं की घोडी आणि शिंगरू दुसऱ्या राज्यात कुणाकडे सांभाळायला गेलेत. म्हटलं ठीक, मग कॉगिन्सचा कागद पाठवा.

हा कागद समजून घ्या, त्याच्यासारखी स्वस्त परीक्षा नाही. कॉगिन्स म्हणजे घोड्यांच्या एका असाध्य संसर्गजन्य रक्तक्षयाची रक्ततपासणी. राज्याची हद्द ओलांडायची तर ती लागते, सोबत पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. कॉगिन्सच्या फॉर्मवर घोड्याचा फोटो किंवा रेखाचित्र असतं: कपाळावरची चांदणी, पांढरे पाय, केसांचे भोवरे, डाग. घोडी खरंच दुसऱ्या राज्यात गेली असेल तर हा कागद कुठंतरी असणारच. पाठवायला दोन मिनिटं लागतात.

मला कागद आला नाही. आलं ते असं: “तुमच्यासारखे शंकेखोर लोक आमचा वेळ खातात, तेवढ्यात घोडे मरतात.” त्यानंतर त्यांच्या पानावर मला प्रवेश बंद.

इथंच घोडं पेंड खात होतं, पण पुरावा काय? तो ऑगस्टमध्ये मिळाला, आणि त्याचं श्रेय माझ्या आजोबांना. आमचं मूळ गाव खानदेशातलं. सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, आजोबा मला लहानपणी तिथं न्यायचे. विकत काही घ्यायचे नाहीत, पण प्रत्येक घोड्यापुढं थांबून आधी दात, मग टापा आणि मग भोवरे बघायचे. कुठला भोवरा शुभ, कुठला धन्याला खाणारा, यावर त्यांचा व्यापाऱ्यांशी वाद चाले. शुभाशुभ माझ्या डोक्यात राहिलं नाही. एवढं राहिलं की रंग सारखा असतो, चांदणीही सारखी असू शकते, पण भोवरे ज्याचे त्याचे.

आमच्या घोडीच्या कपाळावर डोळ्यांच्या रेषेच्या जरा वर दोन भोवरे होते, जवळजवळ चिकटलेले, डावा थोडा खाली. पहिल्या रात्रीच ते माझ्या नजरेत भरले होते. ऑगस्टमध्ये लेकीच्या मैत्रिणीने दुसऱ्याच एका संस्थेची जाहिरात पाठवली. दुसरं राज्य, दुसरं नाव, वय तीन वर्षांनी कमी, ट्रक शुक्रवारी. फोटो मोठा करून पाहिला. दोन भोवरे, डावा थोडा खाली. म्होरकीला निळी सुतळी. शिंगरू नव्हतं.

माझं पोट सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यावर चालतं. मेमध्ये ही अक्कल कुठं गेली होती, असा प्रश्न नवऱ्याने विचारला नाही हा त्याचा मोठेपणा. मग मी बसले. लेकीच्या फोनवरून पहिल्या संस्थेच्या चार महिन्यांच्या पोस्ट काढल्या आणि “लक्ष्य पूर्ण!” असं जिथं जिथं लिहिलं होतं ते आकडे एक्सेलमध्ये भरले. बेरीज ७१,००० डॉलरच्या वर गेली. मग आयकर खात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या संकेतस्थळावर करमुक्त संस्थांच्या शोधात त्यांचं नाव टाकलं. संस्था नोंदलेली होती. मात्र त्यांनी आदल्या वर्षी भरला होता तो ९९०-एन, नुसता पोस्टकार्डासारखा फॉर्म, ज्यांची वर्षाची जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असते त्यांच्यासाठीचा. तो भरण्यात गैर काही नाही, कितीतरी लहान प्रामाणिक संस्था तोच भरतात. पण त्यात खर्चाची एक ओळही नसते. चार महिन्यांत ७१,००० जमवणाऱ्यांकडून पूर्ण ९९० किंवा निदान ९९०-ईझेड यायला हवा, ज्यात पैसा कुठून आला, कुठं गेला हे दिसतं आणि जो कुणीही मागून पाहू शकतो. “आम्ही ५०१(सी)(३) आहोत”, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहोत, या वाक्याचा माझ्यावर मेमध्ये जो परिणाम झाला होता तो आठवून आता हसू येतं. नोंदणी म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे.

आणखी एक. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीवर कर सवलत घ्यायची तर संस्थेचं लेखी पत्र लागतं. मी तीनदा मागितलं, मिळालं नाही. आता लक्षात येतं की ‘मित्र आणि कुटुंब’ म्हणून पाठवलेले पैसे त्यांच्या हिशेबात देणगी नव्हतेच, ती मी कुण्या मैत्रिणीला दिलेली भेट होती.

राज्याच्या धर्मादाय कार्यालयाकडे तक्रार केली, पोच आली. पुढचं माहीत नाही. गटावर मात्र सगळं खरं लिहिलं आणि अकराही घरांचे पैसे परत केले. ते लिहिताना जेवढी लाज वाटली तेवढी पैसे जाताना वाटली नव्हती. काकांनी १०० डॉलर परत घेतले नाहीत. म्हणाले, “अगं, देणाऱ्याचं पुण्य कुठं जातंय?” मला ते पटलेलं नाही. पैसे वाया गेले असते तर एक वेळ चाललं असतं. समजा दलालाने घोडी लिलावात ५०० ला घेतली आणि आपण १,४०० दिले, तर सोमवारी तो त्याच पैशांत आणखी दोन घेऊन येतो. ट्रकातली जागा रिकामी राहत नाही.

याचा अर्थ लिलावातून घोडे सोडवणारे सगळेच लुच्चे, असं नाही. शिक्षिकेने नंतर मला पेनसिल्व्हेनियात न्यू हॉलंडच्या सोमवारच्या लिलावाला नेलं. तिथं आमिश पंथाचे शेतकरी होते, स्वारी शिकवणारे होते, व्यापारी होते, आणि एका कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या दोन बायका. त्या एका लहान संस्थेच्या. भर लिलावात बोली लावतात, म्हणजे घोडा दलालाच्या आवारात जाण्याआधी, चारचौघांसमोर ठरलेल्या भावात. पेनमध्ये एकदा गेला की भाव दलालच सांगणार. त्या दिवशी त्यांनी एकही घोडा घेतला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “जागा आठ, घोडे आठ. आज घेतला तर उद्या चारा कुठून?” मेमध्ये मला हे उत्तर निर्दय वाटलं असतं.

महिनाभराने त्यांच्याकडे गेले. बोलावणं नव्हतं, नुसता फोन करून. वेगळ्या कुंपणात एक घोडा होता, त्याच्यासाठी बादल्या वेगळ्या, शेणाचा फावडा वेगळा, बाहेर बूट धुवायची घमेली. आणि ती वही. एकेका घोड्याला एक पान: लिलावाची तारीख आणि नंबर, किंमत, कॉगिन्स, टेपने मोजलेलं वजन, अंग किती भरलंय ते सांगणारा १ ते ९ चा हेन्नेके गुणांक, नालबंद कधी आला, कुणाला दिला, दिल्यावर कधी जाऊन पाहिला. दोन पानांवर तिरकी रेघ होती. एका घोड्याचा खूर आतून सुटला होता, दुसरा पोटशूळाने. डॉक्टरांनी झोपवलं, असं तारखेसकट लिहिलेलं. हरलेले घोडे वहीत ठेवणारी माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पहिल्या संस्थेच्या पानावर दर आठवड्याला कुणीतरी सुटायचं आणि कधीच कुणी मरायचं नाही. आता मी त्या बायकांना महिन्याला ४० डॉलर देते, चेकने. पावती न मागता येते.

लेक अजूनही शुक्रवारच्या जाहिराती बघते, पण रडत नाही. कपाळ मोठं करून बघते. गेल्या आठवड्यात तिने मला स्वयंपाकघरात हाक मारली: दोन भोवरे, डावा थोडा खाली, तिसऱ्या राज्यात, बेल १,६५० डॉलर. मी शिक्षिकेला आणि तक्रार केलेल्या कार्यालयाला तिन्ही फोटो शेजारी लावून पाठवले. शिंगराबद्दल तिन्ही ठिकाणी विचारून झालं. दोघांनी प्रवेश बंद केला, तिसऱ्याने विचारलं, “कुठलं शिंगरू?”