सांगलीतून माल बाहेर पाठवायचाय: ट्रकनं की रेल्वेनं?

डिझेल, टोल आणि चालकांची टंचाई यांनी वैतागलेला सांगलीतला कोणीही व्यापारी एकदा तरी म्हणतोच, "रेल्वेनं पाठवून बघू का?" प्रश्न रास्त आहे. पण विचारणारा बहुतेक वेळा दोन भाड्यांचे आकडे शेजारी मांडून बसतो आणि तिथंच हिशेब चुकतो. रेल्वेचं भाडं मालधक्क्यापासून (स्थानकातली माल चढवायची-उतरवायची जागा) मालधक्क्यापर्यंतचं असतं, ट्रकचं गोदामापासून गोदामापर्यंतचं. तुलना करायची ती पोच खर्चाची, म्हणजे माल गिऱ्हाइकाच्या दारात पडेपर्यंतच्या एकूण खर्चाची.

रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, भरेल इतका माल आहे, अंतर हजार किलोमीटरच्या पुढचं आहे आणि समोरचा गिऱ्हाईक माल कधी पोचतो यावर अडून बसत नाही, असं असेल तर रेल्वे. यातलं एक जरी कमी पडलं तर ट्रक. पार्सलची वाट या दोन्हींच्या मधली, तिच्याबद्दल पुढं.

हमाली किती वेळा?

हळदीचं पोतं मार्केट यार्डातून ट्रकनं अहमदाबादला गेलं तर त्याला हात दोनदा लागतो, भरताना आणि उतरवताना. तेच रेल्वेनं गेलं तर गोदामातून ट्रकमध्ये, ट्रकमधून मालधक्क्यावर, धक्क्यावरून वाघिणीत, म्हणजे मालगाडीच्या डब्यात. पलीकडं पुन्हा तोच खेळ उलट्या क्रमानं. दैव बरं असेल आणि ट्रक थेट वाघिणीला लागला तर एखादी खेप वाचते. दर वेळी हमाली मोजायची आणि दर वेळी पोत्यात हमालाचा आकडा घुसायचा. हळद सांडली तर तूट धरता येते. बेदाण्याच्या 15 किलोच्या बॉक्सचा कोपरा दबला की घेणारा भाव पाडून मागतो, आणि ती घट कुठल्याही पावतीवर दिसत नाही.

ट्रकच्या बाजूलाही वाराईचं, म्हणजे गाडी भरण्या-उतरवण्याच्या मजुरीचं, भांडण आहेच. 'ज्याचा माल त्याचा हमाल' म्हणत वाहतूकदारांनी किती बैठका घेतल्या, तरी गाडी लागल्यावर पैसे कोणी द्यायचे यावर कुरबुर होतेच. भाडं ठरवतानाच हे बोलून घेतलेलं बरं.

रेल्वेचा दर अंतराबरोबर टनामागं, किलोमीटरमागं उतरत जातो. म्हणून दोन्ही टोकांची ही जादा हमाली आणि स्थानिक ट्रक लांबच्या पल्ल्यात पचतो, जवळच्या पल्ल्यात पचत नाही. सांगलीहून पुण्या-मुंबईसाठी रेल्वेचा विचारही करू नका. आसाम, बंगालकडं साखर जाते तिथं मात्र फरक ठळक दिसतो.

रेक म्हणजे नक्की किती?

बंदिस्त वाघिणींचा 42 डब्यांचा रेक धरला तर साधारण 2,600 टन माल. 50 किलोच्या पोत्यांत मोजलं तर 52,000 पोती. दहा चाकी गाडीत अंदाजे 18-19 टन बसतात, म्हणजे हा रेक सुमारे 140 गाड्यांच्या बरोबरीचा. साखर कारखान्याला हे जमतं, खत कंपनीला जमतं. हळदीच्या एकट्या व्यापाऱ्याला भर हंगामातही जमणं कठीण. एकाच नावावर, एकाच ठिकाणी, एकाच वेळी एवढा माल उभा करायचा म्हणजे भांडवलही तेवढंच अडकलं.

कमी मालासाठी 20 वाघिणींचा मिनी रेक असतो आणि दोन ठिकाणी उतरवायचा रेकही मिळतो, पण त्यांना अंतराच्या आणि मालाच्या अटी असतात. इंडेंट (रेकची मागणी) भरण्याआधी त्या तपासून घ्याव्यात.

खरी कसोटी रेक लागल्यावर. भरायला मोजके तास फुकट मिळतात, त्यानंतर डब्यागणिक आणि तासागणिक डेमरेज, म्हणजे रेक अडवल्याचा दंड, चालू. माल धक्क्यावर पडून राहिला तर वार्फेज वेगळा. रेक रात्री दोनला लागला तरी घड्याळ थांबत नाही, पाऊस असला तरी सूट आपोआप मिळत नाही. म्हणजे ट्रक, हमालांच्या टोळ्या आणि गोदामाच्या किल्ल्या अर्ध्या रात्री एका जागी हव्यात. मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून नाव काढलेली माणसं मुळात आपल्याच पाटण-जावळीकडची, पण सांगलीच्या धक्क्यावर नेमक्या त्या रात्री टोळी मिळेल याची हमी कोण देणार?

या पद्धतीची ताकद बघायची तर एप्रिल 2016 आठवा. लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि मिरजेहून रेल्वेनं ते नेलं. राजस्थानातल्या कोट्याच्या कार्यशाळेतून टाक्या धुऊन आणल्या. पहिल्या फेरीत 10 वाघिणींतून 5 लाख लिटर, पुढं 50 वाघिणींतून एका फेरीत 25 लाख लिटर. एकच माल, एकच उगम, एकच मुक्काम आणि प्रचंड वजन. तेवढं पाणी टँकरनं न्यायचं तर एवढ्या लांबच्या रस्त्यावर रोज नुसती रांग लागली असती. रेल्वे याच कामासाठी बनली आहे. तुमचा माल या साच्यात बसतो का, एवढंच बघायचं.

वेळ

मालगाडीचा देशातला सरासरी वेग ताशी 25 किलोमीटरच्या आसपास. इंजिन कमजोर आहे म्हणून नव्हे, प्रवासी गाडीला वाट देत ती बाजूच्या मार्गावर उभी राहते म्हणून. पुणे-मिरज मार्ग वर्षानुवर्षं एकेरी होता. आदर्की आणि शिंदवण्याचे घाट आहेतच. विद्युतीकरण आणि दुहेरीकरण झाल्यानं फरक पडतो, पण त्यामुळं पोचायची तारीख कोणी लिहून देत नाही.

ट्रक अहमदाबादला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोचतो आणि अडकला तर निदान चालकाला फोन तरी लावता येतो. राजापुरी हळदीला गुजरात-राजस्थानात गिऱ्हाईक आहे, भाव रोज हलतो, आणि आठवडाभर माल वाटेत राहिला तर भाड्यात वाचलेले पैसे भावात जातात. त्यामुळं या मार्गावर हळदीसाठी मी ट्रकच सांगेन. रेल्वेवाल्यांनी कितीही सवलत दिली तरी.

धोरण आणि आपण

1951 च्या सुमारास देशातली 85 टक्क्यांहून जास्त मालवाहतूक रेल्वेनं होत होती. आज तो वाटा सव्वीस-सत्तावीस टक्क्यांवर आला आहे आणि राष्ट्रीय रेल्वे योजनेनं 2030 पर्यंत 45 टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं आहे. त्यासाठी मालगाड्यांचे स्वतंत्र मार्ग बांधले: लुधियाना ते सोननगर हा 1,337 किलोमीटरचा पूर्व मार्ग आणि दादरी ते जेएनपीटी (न्हावा शेवा बंदर) हा 1,506 किलोमीटरचा पश्चिम मार्ग. वेग वाढतो, पश्चिम मार्गावर एकावर एक कंटेनर चढवता येतात. उत्तम काम आहे. पण दोन्ही मार्ग सांगलीला शिवत नाहीत, आणि जेएनपीटीपर्यंतचं आपलं अंतर एवढं कमी आहे की तिथवर कंटेनर रस्त्यानंच परवडतो.

माझं मत असं की आपल्यासारख्या भागात अडचण वेगाची कमी आणि मालाच्या मोजमापाची जास्त आहे. रेल्वेच्या उत्पन्नाचा आणि टनांचा मोठा भाग कोळसा, लोहखनिज, सिमेंट, खत, धान्य यांचा. एकट्या कोळशाचं वजन जवळपास निम्मं. त्या गिऱ्हाइकाला रेक हवाच असतो. 45 टक्के गाठायचे तर 50 टनवाला गिऱ्हाईक लागेल आणि त्याचा माल गोळा करून रेक भरणारं कोणीतरी मध्ये लागेल. डिसेंबर 2021 च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणानं खासगी जागेवर टर्मिनल उभारायची वाट मोकळी केली आहे. रांजणी-सलगरे भागातल्या ड्रायपोर्टची (समुद्रापासून दूरचं, जमिनीवरचं कंटेनर बंदर) चर्चा आपण बरीच वर्षं ऐकतोय. चर्चेवर माल लादता येत नाही, त्यामुळं आजचा निर्णय आजच्या मालधक्क्यावरच घ्या.

एक जागा मात्र हुशारीनं वापरता येते. खताचे आणि सिमेंटचे रेक इकडं भरून येतात आणि बरेचदा रिकामे परततात. परतीच्या ठरावीक रिकाम्या दिशांना माल भरला तर रेल्वे भाड्यात सवलत देते. आपली दिशा त्या यादीत बसते का, हे मालधक्क्याच्या कार्यालयात विचारायला पैसे पडत नाहीत. ट्रकवाला परतीचं भाडं शोधतो, तेच इथं तुम्ही रेल्वेसाठी शोधायचं.

जोखीम

रेल्वेची पावती, म्हणजे आरआर, नीट वाचा. पोती रेल्वेनं स्वतः मोजून घेतली नसतील तर त्यावर 'पाठवणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे' अशा अर्थाचा शेरा असतो. मग पलीकडं 40 पोती कमी निघाली तर ती चढली होती हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. त्यात माल 'मालकाच्या जोखमीवर' दरानं गेला असेल तर रेल्वेचा हलगर्जीपणाही दाखवावा लागतो. दाद मागायला रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे, पण तिथं जायची हौस कोणाला? ट्रकच्या बिल्टीलाही (मालपावतीलाही) फार जोर नसतो. दोन्हीकडं वाहतूक विमा स्वतः उतरवा.

पुराचा विचार दोन्हीकडं सारखाच. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद होता आणि मिरज-कोल्हापूर रेल्वेही थांबली होती.

मधली वाट: पार्सल

प्रवासी गाडीला जोडलेल्या पार्सल व्हॅनमध्ये 23 टन बसतात. बेदाण्याचे दीड हजार बॉक्स. गार्डच्या डब्यातला कप्पा याहून बराच लहान, साधारण 4 टनांचा. दर मालगाडीपेक्षा चढा, पण गाडी प्रवासी वेळापत्रकानं धावते. दिल्ली, कोलकात्याकडं दिवाळीआधी थोडा आणि महाग माल पाठवायचा असेल तर विचारून बघण्याजोगं आहे.

छोट्या शेतकऱ्याचा खरा विचार केला होता तो किसान रेलनं. पहिली गाडी 7 ऑगस्ट 2020 ला देवळालीहून दानापूरला निघाली. शंभरावी त्याच वर्षी 28 डिसेंबरला सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला. किमान वजनाची अट नाही, वाटेत थांबे, एकाच गाडीत वेगवेगळी फळं-भाजी, वर भाड्यात 50 टक्के अनुदान. सांगोला, पंढरपूरकडच्या डाळिंबवाल्यांनी ती उचलून धरली. अनुदान कायमचं नव्हतं, आणि ते गेल्यावर हिशेब बदलला. आता कोणी 'किसान रेल आहे की' म्हणून सांगितलं, तर गाडी सध्या तुमच्या स्थानकावरून सुटते का एवढं आधी विचारा.

द्राक्षाचं विचारूच नका. तासगावची द्राक्षं बागेत पेटीबंद झाली की थेट गाडीत चढतात, आणि मध्ये मालधक्का आला की मणी गळतात. त्यासाठी रीफर (शीतकरणाचा ट्रक) किंवा साधा ट्रकच. खत मागवणारा असाल तर मात्र उलट: भरलेला रेक मिरजेला उतरवून घ्या, आणि उतरवायच्या तासांआधी तालुक्याचे ट्रक ठरवून ठेवा.