टीआरपीव्ही१ साठी अँटीबॉडी: पेशीच्या आतल्या टोकाची की बाहेरच्या वळणाची?

टीआरपीव्ही१ या आयन चॅनेलची (पेशीपटलातून विद्युतभारित कणांना वाट देणाऱ्या प्रथिनाची) साखळी पेशीपटलातून सहा वेळा आरपार जाते आणि तिची दोन्ही टोकं पेशीच्या आतच राहतात. बाहेर डोकावतात ती फक्त छोटी वळणं. अँटीबॉडी, म्हणजे ठराविक प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणारं प्रथिन, निवडताना सगळं इथेच ठरतं.

वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखणं) करायचा असेल, तर मी बिनदिक्कत आतल्या सी-टोकाविरुद्धची, म्हणजे साखळीच्या शेवटच्या टोकाविरुद्धची, अँटीबॉडी घेईन. टोक लांब असल्याने ती बनवायला वाव जास्त. पट्टा साधारण ९५ किलोडाल्टनला दिसतो, साखरेचे रेणू जोडलेलं रूप त्याच्या थोडं वर. (नमुना ९५ अंशांना उकळू नका, पटलातली प्रथिनं गोळा होऊन जेलच्या तोंडाशीच अडकतात.) पण पेशींवर वापरताना ट्रायटॉनसारख्या डिटर्जंटने पटलाला छिद्रं पाडावी लागतात आणि मग आतल्या कप्प्यांतलं चॅनेलही उजळतं.

पृष्ठभागावर पोहोचलेलं चॅनेलच पाहायचं असेल, तर बाहेरच्या वळणाची अँटीबॉडी हवी. ती जिवंत पेशींवर, फ्लो सायटोमेट्रीतही (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजण्याच्या पद्धतीतही) चालते. संकेत मात्र अनेकदा फिका येतो.

दोन्हींसाठी माझा आग्रह एकच: नॉकआउट उंदराच्या, म्हणजे टीआरपीव्ही१चं जनुक निकामी केलेल्या उंदराच्या, ऊतीवर तपासणी. अँटीबॉडी ज्या तुकड्याविरुद्ध बनवली तो पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) मिसळून संकेत गेला, एवढ्यावर विसंबू नका. चुकीच्या प्रथिनाला चिकटलेली अँटीबॉडीही तशीच गप्प होते.