हेडवरचा नंबर आणि इंटरनेटवरच्या याद्या : खाऱ्या वाऱ्यात कितपत कामाच्या?

जुनं सिलेंडर हेड (इंजिनाच्या सिलेंडरांवर बसणारं झाकण) घेताना त्यावरचा ओतीव नंबर (ओतताना साच्यातूनच उठलेला) ऑनलाइन यादीत शोधायचा, ही आता सर्रास रीत झाली आहे. याद्या फुकट आहेत, मोबाइलवर उघडतात आणि अर्ध्या मिनिटात उत्तर देतात. त्या उत्तरावर विसंबून पैसे मोजायचे का, एवढंच ठरवायचं असतं. शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ या अमेरिकी पेट्रोल इंजिनासाठी या याद्यांना पाचपैकी चार गुण. फोर्डसाठी तीन, तेही नंबर उलगडायची पद्धत माहीत असेल तर. आपल्या मच्छीमार लाँचवरच्या सहा सिलेंडर डिझेलसाठी जेमतेम एक.

पण कोकणात यादीच्या आधी नंबरच अडवतो. बिडाच्या हेडवर हे अंक उठावाचे असतात आणि खाऱ्या हवेत गंज आधी उठावाच्या कडा खातो. इंग्रजी अंकांतला ३ मग ८ सारखा दिसतो, ६ चा शून्य होतो. अशा वेळी ग्राइंडरला तारेची चकती लावून घासणं ही सगळ्यात मोठी चूक. कडा गोल होतात आणि उरलंसुरलं तेवढंही जातं. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर त्या जागी ठेवा. सकाळी पितळी तारांचा ब्रश हाताने मारा, कोरडं करा आणि पांढरा खडू आडवा धरून अलगद फिरवा. खडू फक्त उठावावर बसतो. मग टॉर्च समोरून न मारता बाजूने, अगदी पृष्ठभागाला चिकटून धरा. सावलीत अंक उभे राहतात. तरीही शंका राहिली तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासा. कागदावरचा ठसा पुष्कळदा फोटोपेक्षा स्पष्ट येतो.

स्मॉल ब्लॉकमध्ये पूर्ण नंबर आणि ओतल्याची तारीख टॅपेट कव्हरखाली (हेडवरच्या झाकणाखाली), रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांच्या) ओळीत मिळते. म्हणून कव्हर न काढता पाठवलेल्या फोटोवर सौदा करू नये. तारखेत आधी महिन्याचं अक्षर येतं (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर), मग दिवस आणि शेवटी वर्षाचा फक्त शेवटचा अंक. म्हणजे सी १४ ९ ही १४ मार्च १९६९ असू शकते किंवा १९७९. इथे यादीतली वर्षं उपयोगी पडतात, आणि हेडची टोकंही. अल्टरनेटर-स्टिअरिंग पंपाचे ब्रॅकेट बसवायची भोकं टोकांना १९६९ पासून आली. भोकं नसतील तर हेड बहुधा त्याआधीचं. कव्हरचे बोल्ट कडेने न येता मधोमध येत असतील तर ते १९८७ किंवा त्यानंतरचं.

यादी कुठे कमी पडते ते ३७८२४६१ या नंबरवरून नीट कळतं. टोकावर उंटाच्या पाठीसारखे दोन उंचवटे असलेलं हे हेड सगळ्यांना हवं असतं. यादीत इनटेक व्हॉल्व्हपुढे (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपेपुढे) '१.९४ किंवा २.०२ इंच' लिहिलेलं दिसतं. ही छपाईची चूक नाही. ओतकाम एकच, पण कारखान्यातच त्यात दोन मापांच्या सीटा (व्हॉल्व्ह टेकण्याच्या जागा) कापल्या जात. नंबर ओतण्याचा आहे, मशिनिंगचा नाही, हे एकदा पक्कं समजलं की निम्मे घोटाळे टळतात. व्हर्निअर लावा: ४९.३ मिलिमीटर आलं तर १.९४, ५१.३ आलं तर २.०२. तेही व्हॉल्व्ह मूळचे असतील तर. मधल्या काळात कुणी मोठे बसवले असतील तर ते नंबर कसा सांगणार?

चेंबरच्या (हेडमधल्या, मिश्रण जळण्याच्या पोकळीच्या) मापाचंही तसंच. ३७८२४६१ चं (थोडक्यात ४६१ चं) चेंबर सुमारे ६४ सीसी, ३३३८८२ चं (थोडक्यात ८८२ चं) ७६. ३५० घनइंची स्मॉल ब्लॉकवर ६४ च्या जागी ७६ चं हेड चढवलं तर कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) साधारण एकाने उतरतो, गाडी ओढत नाही आणि दोष कार्ब्युरेटरवर जातो. त्यातून हेड आधी फेसिंग करून (खालची बाजू सपाट करण्यासाठी) घासलेलं असेल तर यादीतला आकडाही लागू होत नाही. प्लग आणि व्हॉल्व्ह बसवा, ग्रीस लावून वर भोकाची ॲक्रिलिक पट्टी दाबा आणि ब्युरेटने रॉकेल सोडा. दहा मिनिटांत खरा आकडा मिळतो. ८८२ तडे जाण्यासाठी बदनाम आहे, आणि ही शेऱ्याची ओळ बहुतेक याद्या देतात, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

इनबोर्ड पेट्रोल इंजिनाच्या स्पीडबोटी चालवणाऱ्यांनी १२५५८०६२ आणि १०२३९९०६ हे दोन नंबर पाठ करावेत. शेवरोलेची १९९६ पासूनची व्हॉर्टेक हेडं ती हीच, ५.७ लिटरच्या मरीन इंजिनांवरही हीच येतात. यांना इनटेक मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल हेडांत नेणारा भाग) आठ बोल्टचं लागतं. जुनं बारा बोल्टचं बसत नाही. तडा शोधायचा तो एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हच्या सीटच्या काठाशी. थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात पाण्याच्या वाटा आतून झिजलेल्या असतात. नंबर जुळला, बाहेरून रंग झकास, तरी प्रेशर टेस्टशिवाय (दाब देऊन गळती पाहिल्याशिवाय) असं हेड घेऊ नका.

फोर्डमध्ये नंबरच बोलतो. सी८ओई-६०९० मधला सी म्हणजे १९६० चं दशक, ८ म्हणजे १९६८, आणि ६०९० हा हेडच्या ओतकामाचा आकडा. मात्र हे वर्ष डिझाइनचं. तेच ओतकाम पुढेही चालू राहतं. ओतल्याची तारीख वेगळी शोधावी लागते.

जुन्या जीपसाठी तर यादी उघडायचीही गरज नाही. हेड उलटं करा. एकही व्हॉल्व्ह नसेल तर विलीजचं एल-हेड. फक्त चार इनटेक असतील, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये (हेडखालच्या मुख्य ओतकामात) असतील, तर सीजे-३बी चं एफ-हेड.

लाँचवाल्यांची मात्र निराशाच होते. लेलँड ३७०, ४०० या लाँचवरच्या डिझेलसाठी भरवशाची यादी सापडत नाही. जे सापडतं ते एकमेकांवरून उतरवलेलं. तीन ठिकाणी तीच शुद्धलेखनाची चूक दिसली की त्या तीन याद्या नव्हेत, एकच आहे असं समजावं. शिवाय बाजारात पर्यायी कंपन्यांची हेडं एवढी आहेत की उठावाचा नंबर कधी नुसत्या साच्याचा असतो, कधी ओतशाळेचा. इथे ब्लॉकवरच्या पट्टीचा इंजिन नंबर, कंपनीचं पार्ट्स कॅटलॉग आणि जुनं हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पातळ सील) हीच खरी यादी.

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत हेडं आंबा घाटातून कोल्हापूरला जातात आणि तिथे हेड तासायच्या मशीनवर गर्दी होते. बदली हेड मागवायचं असेल तर मेमध्येच विक्रेत्याकडून चार फोटो घ्या: कव्हरखालचा नंबर, तारीख, चेंबरची बाजू आणि गॅस्केट वर ठेवून पाण्याची भोकं. चौथा फोटो द्यायला जो टाळाटाळ करेल त्याला ॲडव्हान्स देऊ नका.