अणुवीजेवरच्या यानाचं सिम्युलेटर: रेडिएटरला पैकीच्या पैकी

वीजकेंद्रात कंडेन्सर (वाफेची उष्णता काढून तिचं पाणी करणारं यंत्र) सांभाळण्यात नोकरी गेली, त्यामुळे कुठलंही यंत्र दिसलं की माझी नजर आधी त्याची उष्णता कुठे जाते तिकडे वळते. या सिम्युलेटरने तो हिशेब चोख ठेवलाय. अणुभट्टी निवडा, टर्बाइन निवडा, विद्युतभारित कण मागे फेकून रेटा देणारं आयन इंजिन जोडा. यानावर सगळ्यात मोठा पसारा रेडिएटरचा, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पॅनेलांचाच होतो. होणारच! अंतराळात ना पाणी, ना हवा. नको असलेली उष्णता फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात जाते, आणि प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. मी जमिनीवरच्या सवयीने रेडिएटर थंड ठेवला. टर्बाइनची कार्यक्षमता वाढली खरी, पण पॅनेलं इतकी पसरली की वजन हाताबाहेर गेलं. तापमान चढवलं तेव्हा कुठे यान सुटसुटीत झालं. हे स्वतः करून बघण्यातला आनंद काही औरच.

इंजिनंही पटतात. 'नासा'च्या 'डॉन' यानाच्या, झेनॉन वायूवर चालणाऱ्या आयन इंजिनाचा रेटा जेमतेम ९० मिलिन्यूटन, पण ते महिनोन्महिने चालायचं. पण 'डॉन' सौरऊर्जेवर होतं. शनीपाशी ऊन पृथ्वीच्या साधारण नव्वदाव्या हिश्शाइतकंच उरतं, म्हणून तर इथे अणुभट्टी.

तक्रार एकच, पण मोठी: इथे काहीच बिघडत नाही. १९६५ मध्ये अमेरिकेची 'स्नॅप-१०ए' अणुभट्टी कक्षेत ४३ दिवसांनी बंद पडली, तीही भट्टीच्या नव्हे, यानातल्या विद्युत यंत्रणेच्या दोषाने. वर्षानुवर्षं दुरुस्तीविना चालायचं यंत्र शिकवताना हे हवंच. तोवर चार तारे, पण जरूर घ्या.