प्रबंधासाठी स्वाहिली की योरुबा?

आफ्रिकी भाषेवर प्रबंध करायचा असं ठरलं की निवड बऱ्याचदा या दोन भाषांवर येऊन अडते. दोन्हींचं साहित्य समृद्ध आहे आणि दोन्हींवर अभ्यासही पुष्कळ झाला आहे. प्रत्यक्ष काम मात्र अगदी वेगळं आहे.

स्वाहिली ही बांटू कुळातली. नामांचे वर्ग आणि त्यांचे उपसर्ग हा तिचा कणा. ‘किताबु किमोजा किकुब्वा किमेआंगुका’ म्हणजे एक मोठं पुस्तक पडलं. पुस्तकं दोन असली की ‘विताबु विविली विकुब्वा विमेआंगुका’. गंमत म्हणजे मूळ शब्द अरबी. त्यातला ‘कि’ स्वाहिलीनं सरळ आपला उपसर्ग मानला आणि अनेकवचनही करून टाकलं. ‘मोठं पुस्तक पडलं, मोठी पुस्तकं पडली’ असं रोज बोलणाऱ्या मराठी माणसाला ही जुळणी लवकर अंगवळणी पडते. आपल्याकडे शब्दाचा शेवट बदलतो, तिथे सुरुवात.

योरुबात खरी कसोटी कानाची. उच्च, मध्य आणि नीच असे तीन सूर. ‘ओको’चे सूर बदलले की नवरा, कुदळ, भाला नाहीतर वाहन असा अर्थ होतो. ध्वनिविचार हाच आवडीचा विषय असेल तर यासारखं क्षेत्र नाही. पण तुमची सूरलेखनं तपासणारं कुणी जवळ नसेल, तर या वाटेला जाऊ नका. सुरुवातीचा चुकलेला सूर पुढच्या सगळ्या विश्लेषणात शिरतो.

मौखिक साहित्याकडे ओढा असेल तर माझं मत योरुबालाच. इफा या भविष्यकथनाच्या परंपरेत २५६ ओदू म्हणजे अध्याय आहेत, प्रत्येकाची असंख्य कवनं, आणि बाबालावो म्हणजे इफाचे पुरोहित ती वर्षानुवर्षं गुरूपाशी बसून पाठ करतात. लेखी अभ्यासही जुना आहे: गुलामीतून सुटलेल्या सॅम्युअल अजायी क्राउदर यांचा योरुबा शब्दसंग्रह १८४३ सालचा. पुढच्या कामासाठी नायजेरियात इबादान विद्यापीठ आहे.

स्वाहिलीची सोय जास्त. दिल्ली विद्यापीठाच्या आफ्रिकी अध्ययन विभागात ती शिकता येते, दार-एस-सलाम विद्यापीठात तिच्यासाठी स्वतंत्र संस्था आहे, अरबी लिपीतली जुनी हस्तलिखितं लंडनच्या सोआस या आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाच्या संस्थेत जपलेली आहेत.

एम.ए.चा प्रबंध असेल आणि हाताशी दोनच वर्षं असतील तर स्वाहिली घ्या. फक्त प्रमाण भाषेवर थांबू नका. १९३० नंतर वसाहतकालीन भाषा समितीनं झांझिबारच्या किउंगुजा बोलीवर प्रमाण रूप बसवलं, आणि केनियाच्या किनाऱ्यावरच्या लामूची किआमू, मोम्बासाची किम्विता या जुन्या काव्याच्या बोली बाजूला पडल्या. नवं सांगण्याजोगं बरंच काही तिथे आहे. पीएच.डी. करणार असाल, नायजेरियात राहायची तयारी असेल, तर मात्र बेलाशक योरुबा.