मे महिन्यात वाचनालयाने काय करावे: शिबिर, व्याख्यानमाला की सुट्टीचे सभासदत्व?

मार्चच्या कार्यकारी मंडळाच्या सभेत, आयत्या वेळच्या विषयांत, हा प्रश्न हमखास निघतो: यंदा सुट्टीत काय करायचं? कोणी बालशिबिर म्हणतं, जुने सभासद व्याख्यानमालेचा आग्रह धरतात आणि ग्रंथपाल गप्प बसतात, कारण जे ठरेल ते शेवटी त्यांनाच निस्तरायचं असतं. तालुक्याच्या किंवा त्याहून लहान गावातल्या वाचनालयाला एका उन्हाळ्यात सगळं झेपत नाही. एकच निवडायचं तर काय, एवढ्यापुरता हा आढावा. माझा कल आधीच सांगून टाकतो: सुट्टीच्या सभासदत्वाकडे. दोन परिस्थितींत मात्र मी वेगळं सांगेन, त्या पुढे येतील.

आधी पैशाचं बघू. आपला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा. कर्नाटक, तमिळनाडूत मालमत्ता करावर ग्रंथालयासाठी उपकर बसतो, आपल्याकडे तो नाही. गावोगावची वाचनालयं संस्था चालवतात आणि शासन वर्गवारी पाहून अनुदान देतं. २०२२मध्ये हे अनुदान साठ टक्क्यांनी वाढलं. ती वाढ धरूनसुद्धा सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या वाट्याला तेव्हा वर्षाला ४८ हजार रुपये आले. त्यातले निम्मे पगाराला. उरलेल्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, गळकं छप्पर. म्हणून उन्हाळी कार्यक्रमाचा खर्च देणगीतून किंवा शुल्कातूनच उभा राहतो. इथे तिन्ही पर्यायांची नशिबं वेगवेगळी आहेत. व्याख्यानमालेला ‘कै. अमुक यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ’ देणगीदार मिळतो, शिबिराला पालक शुल्क भरतात आणि मुलांना घरी पुस्तकं द्यायला कोणी दमडी देत नाही. सुदैवाने त्याला लागतातही सगळ्यांत कमी.

मे महिन्यात गावात असतं कोण?

सभेत हे कोणी विचारत नाही आणि बरेच कार्यक्रम तिथेच फसतात. आपण डोळ्यांसमोर आणतो ती जूनमधल्या शाळेतली मुलं. कोकणात मे महिन्यात गाव भरतं ते मुंबई-पुण्याहून आलेल्या नातवंडांनी. गावातली निम्मी पोरं तोवर मामाकडे गेलेली असतात. बीडच्या बाजूला वेगळंच चित्र. गाळप हंगाम संपला की ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परततात. ज्या मुलांची शाळा सर्वांत जास्त बुडालेली असते, नेमकी तीच सुट्टीत घरी सापडतात. विदर्भात मुलं असतात, पण सकाळी दहानंतर त्यांना घराबाहेर काढणं हा अत्याचार आहे. तिथली सुट्टी मात्र बाकी राज्यापेक्षा उशिरा संपते, म्हणजे जूनचे पहिले दोन-तीन आठवडेही हाताशी राहतात.

त्यात लग्नसराई. त्यात शाळांचं वेळापत्रकही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. २०२५मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या. अशा वर्षी २३ एप्रिलच्या जागतिक पुस्तक दिनाला मुलांच्या कार्यक्रमाचं उद्घाटन ठेवलं, तर प्रमुख पाहुण्यांसमोर मंडळाचे सदस्यच बसलेले दिसतील. तारखा शाळेत विचारून ठरवा, दिनविशेष पाहून नको.

शिबिर

सात ते दहा दिवस, सकाळी साडेसात ते दहा. ओरिगामी, मातीकाम, हस्ताक्षर, एक दिवस सर्पमित्र, एक दिवस चमत्कारांमागचं विज्ञान, शेवटी सांगता समारंभ आणि प्रमाणपत्रं. पालकांना हे मनापासून हवं असतं. मूल अडीच तास घराबाहेर, मोबाइलपासून लांब, आणि तेही ओळखीच्या जागी. एरवी वाचनालयाची पायरी न चढलेली कुटुंबं यानिमित्ताने आत येतात. ही बाजू खरी आहे आणि ती हलक्यात घेऊ नये.

अडचण अशी की या सगळ्यात पुस्तक कुठेच नसतं. एका वाचनालयाचं शिबिर मी जवळून पाहिलंय. पोरं सतरंजीवर बसली होती ती बालविभागाच्या काचेच्या कपाटाला पाठ टेकून. कपाटाला कुलूप. एका मुलीने काचेतून आतलं एक जाडसर पुस्तक बोटाने दाखवून विचारलं, हे बघू का? ताई म्हणाल्या, आत्ता कागदाचा बगळा करायचाय. किल्ली ग्रंथपालांकडे होती आणि ग्रंथपाल मागे बिस्किटांचे पुडे मोजत होते. सांगता झाली, फोटो छापून आला, आणि त्या सगळ्या दिवसांत त्या कपाटातलं एकही पुस्तक कोणाच्या घरी गेलं नाही.

दुसरं, माणूसबळ. लहान वाचनालयात ग्रंथपाल आणि एखादा मदतनीस, एवढाच संसार. ते शिबिरात अडकले की सकाळची देवघेव बंद पडते आणि बारा महिने वर्गणी भरणारा वाचक दारातून परत जातो. आणि हस्तकला, नृत्य, बुद्धिबळ हे गावातले खासगी वर्ग आपल्यापेक्षा नीट शिकवतात. त्यांच्याशी स्पर्धा करण्यात वाचनालयाचं काही हित आहे असं मला वाटत नाही.

व्याख्यानमाला

हिची परंपरा भारदस्त आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी १८७५मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. २१ एप्रिल ते २० मे हा तिचा ठरलेला महिना. तिचं बघून गावोगाव तीन, पाच, सात पुष्पांच्या धाकट्या माला उभ्या राहिल्या. ज्या गावात ती अजून टिकून आहे तिथे संध्याकाळी डॉक्टर, किराणा दुकानदार, निवृत्त तलाठी आणि शाळेतल्या बाई एकाच सतरंजीवर दिसतात, आणि असं दृश्य आता वर्षातून फारसं कुठे दिसत नाही. आजीव सभासद मिळतात, कोणी आपल्या वडिलांचा ग्रंथसंग्रह देऊन टाकतो.

पण खर्च बघा: वक्त्याचा प्रवास, राहणं, मानधन, ध्वनिक्षेपक, खुर्च्या. नावाजलेला वक्ता हवा तर दिवाळीच्या आसपासच तारीख पक्की करावी लागते; मार्चमध्ये फोन करणाऱ्याला उरलेसुरले मिळतात. साडेसातला आयपीएलचा सामना लागतो तो वेगळाच. मेच्या उत्तरार्धात वळीव येऊन मांडव झोपवतो. आणि मुलांसाठी यात काहीच नाही. आजोबांच्या मांडीवर झोपणं एवढाच त्यांचा सहभाग. बऱ्याच ठिकाणी ही माला थंडीत घेतात, ते मला शहाणपणाचं वाटतं.

सुट्टीचं सभासदत्व

ही योजना सांगायला इतकी साधी आहे की सभेत कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. निकालाच्या दिवसापासून शाळा उघडेपर्यंत गावात असलेल्या कुठल्याही मुलाला पुस्तकं घरी. वर्गणी नाही. अनामत नाममात्र किंवा तीही नाही. त्याऐवजी वाचनालयाच्या एखाद्या सभासदाची हमी म्हणून सही. पाहुणी नातवंडं आजोबांच्या खात्यावर. एका वेळी दोन पुस्तकं, बदलायला हवं तेव्हा यावं.

नोंदणी वाचनालयात बसून करू नका. निकालाच्या सकाळी, बहुतेक १ मेला, पालक आणि पोरं शाळेच्या आवारात एकत्र सापडतात. मुख्याध्यापकांना विचारून तिथेच एक टेबल, एक वही आणि पन्नासएक पुस्तकं मांडायची. प्रगतिपुस्तक एका हातात आणि गोष्टीचं पुस्तक दुसऱ्या, असं मूल घरी गेलं की निम्मं काम झालं.

सोबत आठवड्यातून दोन सकाळी तासभर गोष्टवाचन. वाचायला निवृत्त शिक्षिका चालतील, अंगणवाडीच्या ताई चालतील, बारावी देऊन रिकामी बसलेली मुलगी तर फारच छान. लहानांसाठी चित्रांचं पुस्तक मुलांकडे तोंड करून धरायचं आणि सावकाश वाचायचं. मोठ्यांसाठी एखादी कादंबरी उत्कंठेच्या जागी आणून बंद करायची आणि टेबलावर ठेवून द्यायची. तिच्या तीन तरी प्रती हव्यात, नाहीतर भांडणं होतात. हमखास होतात.

जागेचं एक बारीकसं पण फार नडणारं कलम: वाचनालयाची अभ्यासिका. पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणारी मुलं तिथे दिवसभर असतात, आणि शेजारच्या खोलीत चाळीस पोरं ‘मग वाघ म्हणाला’ला खिदळली की तक्रार येतेच. तक्रार रास्तही असते. त्यामुळे गोष्टवाचन ओसरीत, देवळाच्या सभामंडपात नाहीतर शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात. शिबिरालाही हीच अडचण, आणि तिथे ती दहा दिवस रोज.

पुस्तकं पुरतील का? बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात; मोठ्याने वाचायला त्यात भरपूर माल आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रकथा मोफत उतरवून छापून घेता येतात. त्यातल्या वीस-पंचवीस चांगल्या छपाईत काढून दोऱ्याने शिवल्या तरी लहानांचा महिना निघतो. शिवाय कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून आलेले गठ्ठे दाखल करून तसेच पडलेत का, ते एकदा बघून घ्या.

वाड्या-वस्त्यांसाठी पुस्तकपेटी. पत्र्याची एक ट्रंक, तीसेक पुस्तकं, एक वही. अंगणवाडीत किंवा एखाद्या विश्वासू घरात ठेवायची आणि आठवड्याने दुसऱ्या वस्तीवरच्या पेटीशी अदलाबदल करायची. बीडसारख्या भागात मी सगळा भर या पेट्यांवरच देईन, कारण तिथली ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे ती मुलं बाजारपेठेतल्या वाचनालयापर्यंत येणार नाहीत.

आता खोट सांगतो. या योजनेचा फोटो निघत नाही. तपासणीला अधिकारी येतात तेव्हा कार्यक्रमांच्या फायलीत शिबिराची पानं जाड दिसतात, देवघेवीच्या वहीतली वाढलेली नावं कोणी उलगडून बघेलच असं नाही. पहिला आठवडा थंड जातो. आणि पुस्तकं हरवतात, फाटतात, आमरसात बुडून येतात. ग्रंथपाल कुलूप काढत नाहीत ते आळसाने नाही; हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्यांना द्यावा लागतो म्हणून.

समोरासमोर

खर्चात व्याख्यानमाला सर्वांत जड, शिबिर स्वतःचा खर्च बहुतेक काढतं, सभासदत्वाला बारीक खर्च आणि थोडी गळती. माणसांचा ताण शिबिरात सर्वाधिक, पण थोडे दिवस. सभासदत्वात हलका, पण दीड महिना रोजचा. शुल्क न परवडणारं मूल शिबिरातून आपोआप गळतं आणि सवलत मागायला त्याचे आईवडील येत नाहीत. लग्नाला जाऊन चार दिवसांनी परतलेल्या मुलाचं शिबिर बुडालेलं असतं, सभासदत्वात त्याचं काही अडत नाही. व्याख्यानमालेचा लाभ वाचनालयाला होतो, शिबिराचा पालकांना. जूनमध्ये पुस्तक बदलायला पुन्हा दारात कोण येईल असं विचाराल, तर तिसऱ्या पर्यायातली मुलं.

माझा कल कुठे बदलेल? तुमच्या बालविभागात पिवळी पडलेली, बारीक टायपातली, पंचवीस वर्षांपूर्वीची पुस्तकंच असतील, तर सभासदत्वाची घोषणा करू नका. मूल एकदा येईल, निराश होईल आणि पुन्हा येणार नाही. अशा वाचनालयाने यंदा शुल्क घेऊन तीन दिवसांचं शिबिर करावं, उरलेल्या पैशातून मुलांची नवी पुस्तकं घ्यावीत आणि पुढच्या मे महिन्यात कपाट उघडावं. आणि ज्या गावात व्याख्यानमाला अनेक वर्षं अखंड चालू आहे, देणगीची ठेव तिच्याच नावाने बँकेत आहे, तिथे ती मोडू नका. ती संध्याकाळी, गोष्टवाचन सकाळी. दोन्हींची माणसं वेगळी असल्याने एवढी जोडी निभते. कोरी पाटी असलेल्या गावाने मात्र केवळ शेजारच्या तालुक्यात आहे म्हणून नवी माला सुरू करण्याच्या फंदात पडू नये.

कोकणातल्या वाचनालयांनी शिबिराचा मोह टाळावा असं मी जरा जोर देऊन सांगेन. पाहुणी मुलं कोणी आठवडाभर असतं, कोणी महिनाभर. सलग दहा दिवसांचा गट जमतच नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं आहे, म्हणजे पुस्तक घरी नेण्याची सवय या भागाला नवी नाही. विदर्भात गोष्टवाचन सकाळी सातला ठेवा आणि जूनमध्येही चालू ठेवा.

सभेत सभासदत्व ठरलंच, तर ठरावात दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. एक, सुट्टीच्या काळात बालविभागाचं कपाट देवघेवीच्या सर्व वेळात उघडं राहील. दोन, हरवलेल्या आणि खराब झालेल्या बालपुस्तकांसाठी अमुक रकमेपर्यंतची तूट मंडळाने आधीच मान्य केली आहे आणि तिची वसुली ग्रंथपालांकडून होणार नाही. दुसऱ्या वाक्यावर सभेत वाद होईल. होऊ द्या, पण ते वाक्य इतिवृत्तात आल्याशिवाय पुढच्या विषयाला हात घालू नका.