रेबीजची कुळी लावताना: ‘रॅबव्ही-ग्लू’ आठ महिने वापरल्यानंतर

मी पुण्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतो. जनुकीय क्रम (म्हणजे जनुकांतल्या रासायनिक अक्षरांची ओळ), वंशवृक्ष हे सगळं कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं आणि परीक्षेनंतर विसरलो. तरी गेले आठ महिने रात्री दवाखान्याचं शटर ओढलं की तासभर मी ‘रॅबव्ही-ग्लू’ या संगणकी साधनावर रेबीजच्या विषाणूंची कुळी लावत बसतो. बायकोच्या मते हे पिसाळल्याचंच लक्षण आहे.

निमित्त झालं न्यू जर्सीला निघालेल्या एका जोडप्याचं. त्यांची देशी कुत्री सोबत जाणार होती. ऑगस्ट 2024 पासून अमेरिकेचे नियम असे आहेत की भारतासारख्या देशात लस घेतलेल्या कुत्र्याला मायक्रोचिप हवी, वय किमान 6 महिने हवं आणि रक्तात लशीची प्रतिपिंडं तयार झाल्याचा मान्य प्रयोगशाळेचा रिपोर्ट हवा. तो नसेल तर तिकडे 28 दिवस विलगीकरण. नवरा वैतागला. “डॉक्टर, लस तुम्हीच टोचलीत, सर्टिफिकेटवर सही तुमची. मग पुन्हा रक्त कशाला?”

मी त्यांना 2021 ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी जूनमध्ये अझरबैजानहून 33 कुत्री आणि 1 मांजर शिकागोच्या विमानतळावर उतरलं. कागदोपत्री सगळ्यांना लस दिलेली. त्यातलं एक कुत्रं पेनसिल्व्हेनियात पोचल्यावर रेबीजचं निघालं. विषाणू तपासला तर तो कॉकेशस पर्वताच्या भागात फिरणाऱ्या प्रकारचा. महिन्याभरात अमेरिकेनं जास्त धोक्याच्या देशांतून कुत्री आणणंच थांबवलं. त्या यादीत आपणही होतो.

बाईंनी विचारलं, “पण विषाणू तिकडचा आहे हे ओळखतात कसं?” मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. ते मलाच पटलं नाही, आणि त्याच रात्री शोधाशोध सुरू झाली.

‘रॅबव्ही-ग्लू’ हे ग्लासगो विद्यापीठातल्या विषाणू संशोधकांनी केलेलं, ब्राउझरमध्ये चालणारं साधन आहे. पैसे पडत नाहीत. जेनबँक या जनुकीय क्रमांच्या सार्वजनिक साठ्यात जमा झालेले रेबीजचे क्रम त्यात जुळवून ठेवले आहेत. देश, प्राणी, वर्ष यांनुसार ते चाळता येतात. आपल्याकडे क्रमाची फाइल असेल तर ती चढवायची. साधन तो क्रम ठरलेल्या झाडावर, म्हणजे वंशवृक्षावर, बसवून बघतं आणि घराणं, उपघराणं सांगतं. नमुन्यातून क्रम काढून देणं हे त्याचं काम नाही, ते प्रयोगशाळेनं आधी केलेलं असावं लागतं. माझ्याकडे अर्थातच स्वतःचा एकही क्रम नाही. मी इतरांनी जाहीर केलेले क्रम उतरवून घेतो आणि तेच पुन्हा पुन्हा घोळवतो.

घराण्यांची ओळख पटायला आठवडा पुरला. आर्क्टिकशी नातं सांगणारं घराणं उत्तर ध्रुवाकडच्या कोल्ह्यांत आहे, आणि त्याचीच एक फांदी इराण, पाकिस्तानपासून भारत, नेपाळपर्यंत पसरली आहे. श्रीलंका आणि दक्षिण भारतात भारतीय उपखंडाचं म्हणून वेगळं घराणं सापडतं. कॉस्मोपॉलिटन घराणं युरोपीय वसाहतींबरोबर जगभर गेलं असं मानतात, म्हणजे गोऱ्या साहेबाच्या जहाजावर साहेबाचं कुत्रं आणि कुत्र्याबरोबर हे. सुरुवातीला एकदा माझी चांगली फजिती झाली. भारतातली नोंद म्हणून एक क्रम उतरवला, तर उत्तर आलं कॉस्मोपॉलिटन. दोन दिवस मोठा शोध लागल्याच्या थाटात होतो. मग मूळ नोंद नीट वाचली. तो लशीसाठी वाढवलेला विषाणू होता.

खरी अक्कल आली ती एका साध्या गुणाकारातून. रेबीजच्या विषाणूचा पूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा जनुकीय मजकूर, सुमारे 12,000 अक्षरांचा. बदलाचा वेग ढोबळमानाने दर 10,000 अक्षरांमागे वर्षाला 2 धरला, तर अख्ख्या जीनोममध्ये वर्षाला दोन-तीन अक्षरं बदलतात. एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे रोग जायला सरासरी महिन्याच्या आसपास लागतो. म्हणजे लागोपाठच्या तीन-चार कुत्र्यांत विषाणू अक्षरशः तोच असू शकतो, आणि कोण कुणाला चावलं हे निव्वळ क्रमावरून सांगता येत नाही. ते गल्लीत फिरून, चौकशी करूनच कळतं.

आता जुन्या नोंदींकडे बघा. त्यांत पूर्ण जीनोम क्वचित. बहुतेक ठिकाणी न्यूक्लिओप्रोटीनच्या (विषाणूच्या एका प्रथिनाच्या) जनुकाचा तुकडा, कधी जेमतेम 400 अक्षरांचा. तेवढ्या तुकड्यात त्याच वेगानं एक अक्षर बदलायला बारा वर्षं लागतील! असा तुकडा चढवला की साधन घराणं बरोबर सांगतं, पण गेल्या पाच वर्षांत विषाणू सीमा ओलांडून आला का, याचं उत्तर त्या तुकड्यातच नसतं. दोष साधनाचा नाही. पण नवख्या माणसाला स्क्रीनवर ठळक अक्षरांत नाव दिसतं आणि तो फसतो. मीही फसलो.

या आठ महिन्यांत सगळ्यात जास्त रात्री गेल्या त्या मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशियात. या भागावर 2010 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्याचा निष्कर्ष वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. विषाणू देशाच्या आत लांबलांब जातो, पण सीमेपलीकडे फार कमी. आणि दोन ठिकाणच्या विषाणूंमधला फरक नकाशावरच्या सरळ अंतरापेक्षा रस्त्याच्या अंतराशी जास्त जुळतो. कुत्रं काही रस्त्यानंच चालेन असा हट्ट धरत नाही, तो माणसाचा. याचा अर्थ विषाणू माणसाच्या गाडीत बसून फिरतो. मोरोक्को-अल्जीरियाची जमिनीवरची सीमा 1994 पासून बंद आहे. मी तिथले क्रम उतरवले, झाड काढलं (त्याला वेगळं मोफत सॉफ्टवेअर लागतं), देशांना रंग दिले. माझं झाड अडाण्याचं, पण रंगांचे पुंजके डोळ्यांना दिसले. सीमेवरचं कुंपण कुणी विषाणूसाठी घातलेलं नाही, तरी ते झाडात उमटतं.

अपवादही त्याच झाडाच्या फांदीवर बसतात. 2004 च्या उन्हाळ्यात मोरोक्कोतल्या अगादीरहून एक पिल्लू बेकायदा, मोटारीतून स्पेनमार्गे फ्रान्सच्या बोर्दो भागात आलं. मालकानं ते उत्सवांच्या गर्दीतही फिरवलं. ऑगस्टमध्ये पिल्लू रेबीजनं मेलं आणि संपर्कात आलेल्यांचा शोध सुरू झाला. बंद सीमा न ओलांडणारा विषाणू समुद्र मात्र आरामात ओलांडून गेला, कारण पिल्लू गोंडस होतं.

भूतानचे क्रम बघायला गेलो तेव्हा मात्र ही मजा आली नाही. दक्षिणेकडच्या, भारताला लागून असलेल्या पट्ट्यातला त्यांचा विषाणू आपल्याकडच्या विषाणूच्या अगदी जवळचा आहे, हे अभ्यासातही आलं आहे. पण आपल्या बाजूनं तपासलेले नमुने किती? देशाच्या आकाराच्या मानानं फारच थोडे. झाडावर दोन फांद्या शेजारी दिसल्या म्हणजे एक दुसरीपासून निघाली असं नव्हे. मधल्या दहा फांद्यांचे नमुने कुणी घेतलेच नसतील, तर उरलेल्या दोन शेजारी दिसणारच.

माझी मुख्य तक्रार नोंदींबद्दल आहे. ठिकाणाच्या रकान्यात नुसतं ‘भारत’. जिल्हा नाही, कधी वर्षही नाही. सीमा कुठे ओलांडली हे शोधायला बसलेल्या माणसानं अशा नोंदीचं काय लोणचं घालायचं? उपघराण्यांची नावंही पाठ होत नाहीत, अक्षर-आकडे-अक्षर असला प्रकार. त्याहून बारीक वंश पाडायचे तर ‘मॅडॉग’ नावाचं, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेलं वेगळं साधन आहे. नाव झकास, पण ‘आर’ या प्रोग्रॅमिंग भाषेशी दोस्ती लागते. भाचीला बसवून एकदा चालवलं. त्यापुढे माझी मजल गेलेली नाही.

‘रॅबव्ही-ग्लू’ कुणी वापरावं? पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी नक्की. माझ्यासारख्या दवाखानेवाल्याला रोजच्या कामात याचा उपयोग शून्य, असंच मी तिसऱ्या महिन्यापर्यंत म्हणत होतो.

मग गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या टोळीतलं एक कुत्रं आलं. लाळ गळत होती, खालचा जबडा लुळा. दुसऱ्या दिवशी मेलं. डोकं तपासणीला पाठवताना फॉर्मवर सवयीनं ‘पुणे’ लिहिलं आणि हात थांबला. टोळीच्या मुकादमाला फोन लावला. कुत्रं बीड जिल्ह्यातलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलेलं, वाटेत दोन ठिकाणी मुक्काम, गेल्या वर्षी बेळगावकडच्या कारखान्यावरही जाऊन आलेलं. ठिकाणाच्या रकान्यात ते मावेना. शेवटी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहिलं, गावांच्या नावांसकट, आणि पुढच्या बाजूला बाण काढून ‘मागे पाहा’ असं लिहून पाठवलं.